तिसऱ्या प्रकरणातले एकोणीस दिवस

सकाळी साडेदहाला प्रियंका होवाळने लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला जोडली, पहिली स्लाइड पडद्यावर नीट उमटली याची खात्री केली आणि मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत तिची आई बसली होती.

आईने येऊ नये म्हणून प्रियंका आठ दिवस झटत होती. मार्चचा दुसरा आठवडा, तासगाव भागात बेदाण्याचा ऐन हंगाम. शेडवर रोज द्राक्षांचे क्रेट उतरत होते आणि आक्काताई होवाळ तिथल्या मुकादम, हाताखाली चौदा बायका. "तू खाडा केलास तर आप्पा काय म्हणतील," असं प्रियंकाने फोनवर तीनदा सांगून पाहिलं. "सगळं इंग्रजीत असतंय, तुला कंटाळा येईल," हेही सांगून झालं. त्याचा परिणाम असा झाला की आक्काताई जयंतीला नेसतात ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी शेडचे मालक अर्जुनाआप्पा पाटील स्वतः बसले होते. आप्पांच्याच जीपमधून दोघं पहाटे निघाले होते. वडील धोंडीबा तेवढे आले नव्हते. ते गवंडी. त्या दिवशी पलूसला स्लॅब होता, आणि स्लॅब एकदा सुरू झाला की मधेच सोडता येत नाही.

"पानी प्यालीस का गं?" आईने लांबूनच विचारलं. अख्ख्या हॉलने माना वळवल्या.

"व्हय," म्हणून प्रियंका पुन्हा लॅपटॉपकडे वळली. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेची तिला भीती नव्हती. दोनशे बारा पानांच्या प्रबंधातलं कुठलंही पान उघडून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. फक्त तिसऱ्या प्रकरणात दोन वाक्यं होती. त्यांच्याबद्दल आईसमोर कुणी काही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं.

हॉल भरत चालला होता. विभागाने चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरेनात म्हणून शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणली. गर्दीचं कारण प्रियंका जितकी होती तितकेच तिचे मार्गदर्शक डॉ. नानासो बर्गे होते. बर्गे सर जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि प्रियंका त्यांची नववी आणि शेवटची विद्यार्थिनी. आधीच्या आठांपैकी सहा जण आले होते, एक तर इचलकरंजीहून रात्रपाळी संपवून थेट. फोनवरच्या ग्रुपवर सकाळपासून एकच विषय चालू होता : सर आज तरी कुणाला शाबास म्हणतात का.

सरांनी कुणाला शाबास म्हटल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. रहिमतपूरजवळच्या गावातून एकतीस वर्षं एस.टी.ने रोज साताऱ्याला ये-जा करणारा हा माणूस. दर शनिवारी चार वाजता ते संशोधक विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत गोळा करत आणि एकच प्रश्न विचारत, "या आठवड्यात काय चुकलं?" काय जमलं, हे ते विचारत नसत. एखाद्याने काही चुकलं नाही म्हटलं, तर ते म्हणत, "म्हणजे तू काही केलंच नाहीस." त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधात फसलेल्या प्रयोगांचं एक प्रकरण असे. ते गाळायला त्यांची परवानगी नव्हती.

प्रियंका त्यांच्याकडे आली आठ वर्षांपूर्वी, एम.एस्सी.ला. तासगावातून बी.एस्सी. करून आलेली, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. तिने इंटरनेटवरून उतरवलेले चार विषय सांगितले. सरांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "तुला हाताने काय येतं?"

"बेदाणा," ती म्हणाली. दहावीपासून ती दर हंगामात आईबरोबर शेडवर जात होती.

बेदाण्याचं गणित वरवर सोपं असतं. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल मिसळून त्यात घड बुडवतात आणि शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. पंधरा दिवसांत बेदाणा तयार. न बुडवता टाकली, तर तीच द्राक्षं महिनाभर रेंगाळतात आणि काळी पडतात. तेल आणि कार्बोनेट किती घ्यायचं ते ठरलेलं आहे, सगळे तेवढंच घेतात. त्याहून कमी चालेल का, किती कमी, आणि कमी घेतलं तर हिरवा रंग जास्त टिकेल का, हा पुढे प्रियंकाच्या पीएच.डी.चाही विषय ठरला.

पीएच.डी.च्या पहिल्याच हंगामात ती आपटली. अर्जुनाआप्पांच्या शेडमध्ये तिला खालचे नऊ रॅक मिळाले होते. सहा रॅकवर ठरलेल्या प्रमाणात बुडवलेली द्राक्षं आणि तीन रॅकवर अजिबात न बुडवलेली, तुलनेसाठी. या तीन रॅकना प्रयोगाच्या भाषेत कंट्रोल म्हणतात. सगळी मांडणी करून, रॅकना चिठ्ठ्या बांधून ती संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला परतली. महिनाभर रेंगाळायला हवेत असे ते तीन रॅक एकोणीस दिवसांत सुकले.

तिने पिशवीतून मूठभर बेदाणे सरांपुढे टेबलावर ठेवले. सरांनी एक उजेडात धरून पाहिला, भिंगाखाली पाहिला आणि मग तोंडात टाकला. प्रयोगशाळेत खायला बंदी असल्याची पाटी त्यांच्याच सहीची होती.

"हा कंट्रोल नाही," ते चावत म्हणाले. "याला द्रावण लागलंय. पूर्ण नाही, थोडं. कुणी लावलं?"

प्रियंकाला ते त्याआधीच कळलं होतं. रॅकवरच्या चिठ्ठ्या तिने साध्या गाठीने बांधल्या होत्या. सुकल्यावर ती सोडवायला गेली तेव्हा त्या दुहेरी फासाने बांधलेल्या निघाल्या. तशी गाठ अख्ख्या शेडमध्ये एकच बाई मारते.

"आईने," ती म्हणाली.

"विचार त्यांना. कशात बुडवली, किती पाणी, किती वेळ. गेलेलं वर्ष गेलं, पण ही माहिती सोडू नकोस."

द्राक्षं वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे पूर्ण वर्ष गेलं होतं. प्रियंका त्या शनिवारी घरी गेली. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि मुलीचं कॉलेज कसं चाललंय हे शेजारच्या बाईला सांगत होती. त्या सांगण्यातलं कौतुक प्रियंकाने दारातूनच ऐकलं. तुझ्यामुळे माझं वर्ष वाया गेलं, हे तोंडातून काढायला तिला जमलं नाही. पुढच्या शनिवारी सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिला आठवत नाही म्हणते."

सरांना ती एवढं एकच खोटं बोलली. त्यानंतरचे चार हंगाम तिने वेगवेगळी अकरा प्रमाणं करून पाहिली, प्रत्येक रॅकचं वजन रोज घेतलं, रंग मोजला, आणि शेवटी आकडा सापडला. ठरलेल्या प्रमाणाच्या पस्तीस टक्के. तीन-चार दिवस जास्त लागतात, पण तेल तिसऱ्या हिश्शावर येतं आणि रंग टिकतो. दोन शोधनिबंध छापून आले. पण पहिल्या हंगामाबद्दल सरांच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या प्रकरणात लिहावंच लागलं. तिने लिहिलं : 'शेडमधील एका कामगाराकडून कंट्रोल नमुन्यांना द्रावण लागले असावे. द्रावणाचे प्रमाण उपलब्ध नाही.'

अकरा वाजता अध्यक्ष आले, त्यांच्यामागे बाहेरच्या परीक्षक डॉ. शिवांजली घाटगे. त्यांच्या हातातल्या प्रबंधाला जागोजागी लाल चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. प्रियंका इंग्रजीत सुरुवात करणार तोच घाटगे मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. नियमात मराठी चालते ना? मग मराठीत बोला. मागे शेडवाली मंडळी बसलीत असं कळलं. त्यांनाही समजू दे."

"झ्याक झालं," अर्जुनाआप्पा मोठ्याने म्हणाले. आईने मान डोलावली. इंग्रजीच्या आडोशाला राहण्याची प्रियंकाची शेवटची सोय गेली.

ती चाळीस मिनिटं बोलली आणि चांगलं बोलली. रॅकचे फोटो आले तेव्हा आप्पा शेजारच्या माणसाला "आमचंच शेड" म्हणून सांगत होते. प्रश्न सुरू झाले. वजन कसं घेतलं, दमट दिवसांत काय केलं, रंग मोजायचं यंत्र कुठलं. एकेक उत्तर बसत गेलं तसा हॉल सैल होत गेला. मागच्या बाकावर ऋषिराज नावाचा ज्युनिअर प्रत्येक उत्तराला वहीत रेघ ओढत होता, क्रिकेटचा स्कोअर मांडल्यासारखा. चौदा रेघा झाल्या.

मग घाटगे मॅडमनी एक लाल पट्टी उचलली.

"पान एकाहत्तर. तुमचा कंट्रोल एकोणीस दिवसांत सुकला. तुम्ही लिहिता, एका कामगाराकडून द्रावण लागले असावे. असावे म्हणजे? लागलं की नाही?"

"लागलं."

"कशावरून?"

"चिठ्ठ्यांच्या गाठी बदलल्या होत्या."

"म्हणजे कामगार कोण हे माहीत होतं."

"हो."

"मग प्रमाण उपलब्ध का नाही? त्यांना विचारलं नाही?"

मार्गदर्शकाने मधे बोलायचं नसतं. तरी बर्गे सरांनी मान वर केली. "विचारलं होतं मॅडम. त्यांना आठवत नव्हतं."

"सर, उत्तर त्यांना देऊ द्या."

प्रियंकाने सरांकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वीचं तिचं खोटं ते आता तिच्या वतीने, पूर्ण विश्वासाने, भरल्या हॉलमध्ये बोलले होते. तिने फक्त हो म्हटलं असतं तर पंधरावी रेघ पडली असती आणि आईला आयुष्यात काही कळलं नसतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "विचारलंच नव्हतं. सरांना मी खोटं सांगितलं. ती कामगार म्हणजे माझी आई. तिच्यामुळे माझं वर्ष गेलं, हे तिला कळू नये म्हणून मी विचारलं नाही."

ऋषिराजचं पेन थांबलं.

"माझ्यामुळं?" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. आक्काताई उठून उभ्या होत्या. "कंच्या वर्साचं म्हनतीयास? ते सांजच्या गाडीनं पळालीस ते?"

अध्यक्षांनी नियमांचं पत्रक उलटून पाहिलं. प्रेक्षकांना प्रश्न विचारता येतात असं त्यात होतं, उत्तरं देण्याबद्दल काही नव्हतं.

"बोलू द्या," घाटगे मॅडम म्हणाल्या. "प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे. सांगा बाई, काय झालं होतं?"

"आवं म्याडम, हिनं तीन रॅक तशीच कोरडी टाकल्याली. बाकीची बुडवल्यात आन् ही न्हाईत. मला वाटलं, गाडी चुकंल म्हनून घाईत राहिली. पोरीचं काम अर्धं राहिलं तर आपुन पुरं करतो का न्हाई? शाळंत असताना हिचं ताट बी मीच उचलायची. तसंच. काढली, बुडवली, हुती तशी पसरली, चिठ्ठ्या बी जागच्या जागी बांधल्या."

"कशात बुडवली, आठवतं?"

आक्काताईंनी एकवार आप्पांकडे पाहिलं. "आप्पांच्या तेलात."

"आता कळतंय व्हय मला," आप्पा म्हणाले. हॉल हसला.

"नवं न्हाई काढलं आप्पा. टाकीत दिवसाचं उरल्यालं हुतं, दोन बादल्या. ते वतूनच द्याचं असतंय. दोन बादल्यांत एवढी द्राक्षं बुडंनात, म्हनून वर तीन बादल्या पानी घातलं."

"दोन आणि तीन, नक्की?"

"बादल्या मीच उचलल्या न्हवं? दुसरं कोन उचलनार."

घाटगे मॅडम उठल्या. परीक्षकाने खुर्ची सोडून फळ्यापर्यंत जाणं हे काही रोज घडत नाही. त्यांनी मार्कर घेऊन लिहिलं : पाचातले दोन. चाळीस टक्के.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, पण प्रियंकाला ती ऐकू येत नव्हती. मघाचं तिचं अंग चोरून उभं राहणं गेलं होतं. ती आईकडे वळली. "आई, त्या टाकीतनं त्याआधी क्रेट किती गेल्यालं?"

"साठ. साठाच्या वरच, पासष्ट धर."

"मॅडम, मग चाळीस नाही," प्रियंका म्हणाली आणि तिने दुसरा मार्कर उचलला. "प्रत्येक क्रेटबरोबर तेल बाहेर जातं. किती जातं ते पाचव्या प्रकरणात मोजलंय, पान एकशे अठ्ठावीस." ती भराभर लिहू लागली. अध्यक्ष पान शोधू लागले. सरांना ते पाठ होतं, ते नुसते ओठ हलवत तिच्यापुढे एक पायरी चालले होते. मागून ऋषिराज फोनवर आकडे दाबत उभा राहिला आणि प्रियंकाच्या आधी अर्धा सेकंद म्हणाला, "चौतीस पूर्णांक आठ."

प्रियंकाने तोच आकडा फळ्यावर लिहिला. तिचा चार हंगामांचा निष्कर्ष अजून पडद्यावर होता, शेवटच्या स्लाइडवर, ठळक अक्षरात : पस्तीस टक्के.

टाळ्या प्रथम कुणी वाजवल्या ते सांगता येणार नाही. व्हायवात मधेच टाळ्या वाजवत नाहीत. इचलकरंजीहून आलेला तो जुना विद्यार्थी उभा राहिला, त्याच्यामागे सगळी रांग. आप्पा आक्काताईंना विचारत होते, "काय झालं गं? पास झाली?"

"मला काय म्हाईत," आक्काताई म्हणाल्या. त्या लेकीकडे बघत होत्या. "म्हंजी तवाच मला इचारलं असतंस तर ही पाच वर्सं वाचली असती?"

उत्तर घाटगे मॅडमनी दिलं. "वाचली नसती. एका टाकीवरून प्रबंध होत नाही, ते सगळं तपासावंच लागतं. पण शोधायला कुठून लागायचं, हे पहिल्याच वर्षी कळलं असतं."

"मंग चूक हिचीच," आक्काताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

समितीने दार लावून घेतलं. बाहेरच्या व्हरांड्यात अर्धी गर्दी उभी राहिली. आईने प्रियंकाचं कोपर धरून तिला खिडकीपाशी नेलं.

"पाच वर्सं गप बसलीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की. एक दिस वाटलं असतं. दुसऱ्या दिशी मी तुला बादल्या सांगितल्या असत्या." आईने पदराने तिच्या हातावरची मार्करची शाई पुसायला घेतली. ती निघत नव्हती. "यवढं शिकल्याली तू. सगळ्या तालुक्यातल्या शेडवाल्यांना इचारत हिंडलीस. घरच्या बाईला तेवढं इचारलं न्हाईस."

वीस मिनिटांनी दार उघडलं. अध्यक्षांनी उभं राहून अहवाल वाचला. समिती पदवी देण्याची एकमताने शिफारस करत होती. एक दुरुस्ती सुचवली होती : पान एकाहत्तरवरची दोन वाक्यं काढून तिथे द्रावणाचं प्रमाण लिहावं आणि माहिती देणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं. पेढ्यांचे बॉक्स उघडले गेले. जुने सहा विद्यार्थी सरांभोवती गोळा झाले आणि आता शाबास निघते का म्हणून वाट पाहू लागले.

सर प्रियंकापाशी आले. "मला खोटं सांगितलेली ही एकच गोष्ट आहे का?"

"एकच, सर."

"बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझीही आहे. आईंचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही, तुझ्यावर सोडलं. आज मॅडमनी दोन मिनिटांत जे केलं ते मला पाच वर्षांत जमलं नाही." मग ते आक्काताईंकडे वळले आणि हात जोडले. "आक्काताई, तुमच्या मुलीने भरल्या हॉलसमोर स्वतःचं खोटं स्वतः सांगितलं. मी नकळत वाट करून दिली होती, तिने ती घेतली नाही. माझ्या नऊ विद्यार्थ्यांत हे आणखी कुणी केलं असतं असं मला वाटत नाही."

सहाही जणांनी हे ऐकलं. एकाने लगेच ग्रुपवर टाकलं. शाबास हा शब्द त्यात नव्हता यावरून तिथे दुपारभर वाद झाला. शेवटी हे शाबासच धरायचं, असं बहुमताने ठरलं.

"सर, नाव घालनार म्हनं तुमी," आक्काताई म्हणाल्या. "मंग पुरं घाला. आक्काताई धोंडीबा होवाळ. आन् कामगार नगं, मुकादम लिवा."

"लिहितो," सर म्हणाले.

आप्पा जीप चालू करून फाटकाशी थांबले होते. साडेतीनला शेडवर दोनशे क्रेट उतरणार होते आणि मुकादम साताऱ्यात पेढे खात होती. प्रियंकाचा मुक्काम त्या दिवशी हॉस्टेलवर ठरला होता, मैत्रिणींनी जेवायला जायचा बेत केला होता. ती पायऱ्या उतरली, मैत्रिणींना हात केला आणि जीपच्या मागच्या सीटवर आईशेजारी जाऊन बसली.

"तू कुठं?" आईने विचारलं.

"शेडवर. मला सांग, टाकीतलं पाणी संपत आलंय की अजून चालंल, हे तुला कसं कळतंय?"

"बोटं घालून. बुळबुळीत लागलं तर हाय, न्हाई तर संपलं."

"कुठली बोटं? किती वेळ?"

आईने हात पुढे केला आणि अंगठा पहिल्या दोन बोटांवर घासून दाखवला. प्रियंकाने तिची बोटं धरून तो वेग नीट पाहिला आणि पुन्हा करायला लावला. जीप पोवई नाका ओलांडून कराडच्या रस्त्याला लागली तेव्हा ती सातव्या प्रश्नावर होती. आप्पा पुढून म्हणाले, "गड्या, ही परीक्षा संपली का चालूच हाय?" तिने ते ऐकलं नाही. ती आईला विचारत होती, थंडीत आणि उन्हात तो बुळबुळीतपणा सारखाच लागतो का.